पेपर संपेस्तोवर दम धर

शालन झोपली आहे. तुझ्याच जागेवर, भिंतीकडं तोंड करून, हात उशाला घेऊन. लांबून बघितलं तर तूच वाटतेस. म्हणून मी बघत नाही. उंबऱ्यात बसून हे लिहितोय.

चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. मिलच्या मागावर, साच्यापुढं उभं राहून आयुष्य गेलं, लिहायचं काम कधी पडलं नाही. पण आता बोलायची सोय राहिली नाही. तुझ्याशी मोठ्यानं बोलावं तर पोरगी जागी होईल, आणि तिच्याशी बोलावं तर ती काल म्हणाली, उठा इथून. म्हणून कागद घेतला.

तू गेल्यापासनं लोक मला चांगलं म्हणायला लागलेत. तुला हसू येईल. तुझ्या हयातीत ह्या गल्लीत मला कुणी चांगलं म्हटलं नाही. म्हातारा खडूस, म्हातारा तोंडाळ, ह्याच्या दारात पोरांचा चेंडू गेला की परत येत नाही. आता तेच लोक येऊन सांगतात, "अण्णा, काळजावर दगड ठेवला तुमी, पण पोरीची परीक्षा वाया जाऊ दिली न्हाय." शेजारची मल्लव्वा तर डोळ्याला पदर लावून म्हणते, "अय्यो, बाईचीच इच्छा हुती की. पोरीला कळवू नका म्हनली. अशी आई कुटं मिळती."

मी मान खाली घालून ऐकतो. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दुःख आवरत नाही. शरमेनं मान खाली गेली आहे हे तुला एकटीला ठाऊक. कारण तू काय म्हणाली होतीस, ते ऐकायला त्या खोलीत मी एकटाच होतो.

*

सुरुवातीपासनं सांगतो. तुला माहीत आहे, पण मला एकदा सरळ सांगू दे.

आपली पोर पुण्यात कॉलेजात स्पॅनिश शिकते हे मला वर्षभर ठाऊकच नव्हतं. मला वाटत होतं बीए करते. मग ती सुट्टीला आली आणि म्हणाली, तिकडच्या सरकारची स्कॉलरशिप लागली, वर्षभर स्पेनला जायचं. मी भाकरी खात होतो. घास तसाच राहिला.

"ती कुणाची भाषा?" मी विचारलं.

"स्पेनची. आणि समुद्रापलीकडं पुष्कळ देशांची."

"आपल्या सोलापुरात मराठी हाय, कानडी हाय, तेलगू हाय, उर्दू हाय. एवढ्यानं तुझं भागंना व्हय?"

तू अंगणात उखळात शेंगाची चटणी कुटत होतीस. दुकानांना द्यायची होती. मुसळ न थांबवता तू हसलीस. ते हसणं मला लागलं. मी आवाज चढवला. "त्या भाषेत तुला भाकरी कोण देनार हाय, सांग की."

तेव्हाही मुसळ थांबलं नाही तुझं. "तुमी जल्मभर साच्याची भाषा शिकला," म्हणालीस, "तिनं काय तूपपोळी वाढली?"

पोरगी खाली बघून हसली. मी ताट सरकवून उठलो. वर्षानुवर्षं चटणी कुटून तू तिला शिकवलंस, मी मिलचा पगार आणला आणि तोंड केलं, एवढंच. ती निघाली त्या दिवशी स्टेशनावर मी काय बोललो ते तू आयुष्यभर विसरली नाहीस. आयुष्य तरी किती राहिलं होतं म्हणा. मी म्हणालो, "जातीस तर जा. पन मी काय तुला परत ये म्हनून हाक मारनार न्हाय." पोरगी गाडीत चढली. हातात आपल्या मिलची चादर होती, तू माझ्या ट्रंकेतून न विचारता काढून दिलेली.

लोकांना मी सांगायचो, पोरगी नर्सिंगच्या वरचं काहीतरी शिकायला गेली आहे. स्पॅनिश म्हणायची लाज वाटायची. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, त्याचा उपयोग काय, तर सांगू काय? आणि तू नळावर उभी राहून अख्ख्या गल्लीला सांगायचीस, माझी शालन स्पॅनिश शिकतीया. कशाशी खातात ते तुलाही ठाऊक नव्हतं. पण तुझी मान अशी वर असायची की मी त्या वेळेला नळावरनं जायचंच टाळायचो.

*

संक्रांतीला तिचा पहिला फोन आला, तो दिवस आठव.

सात रस्त्याला उस्मानभाईचं ताडपत्रीचं दुकान, तिथल्या फोनवर. आधी पत्र आलं होतं, अमुक दिवशी संध्याकाळी फोन लावीन. तू लग्नाला निघाल्यासारखी इरकल नेसून निघालीस. उस्मानभाईनं स्टूल पुसून दिलं. घंटी वाजली तशी तू दचकून मागं सरकलीस. मग फोन असा धरलास, कानापासनं वितभर लांब, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडलीस की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बघायला आलं.

"शाले, जेवलीस का?"

उस्मानभाई म्हणाला, "अम्मा, धीरे बोलो, फोन है. तुमी तो बिना फोनकेच बात करते स्पेनतक."

तू लाजलीस, आणि मग आवाज बारीक करून म्हणालीस, "शाले, त्या भाषेत बोल की जरा. मला नुस्तं ऐकायचंय. कळू दे न कळू दे."

पोरीनं तिकडं बोलायला सुरुवात केली असावी. तुझ्या तोंडावर उजेड पडल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? फोन तुझ्या हातातनं ओढला. "मराठीत बोल," म्हणालो, "हितं कोन तुझं ते ऐकाया बसलंय. आनि ठेव आता, लोकांचा फोन हाय." आणि ठेवला.

घरी आल्यावर इरकल घडी घालताना एवढंच म्हणालीस, "तुमाला सगळ्यात मधी बोलायची लई सवय." मी म्हणालो, पुढच्या वेळी ऐक. पुढची वेळ आली तेव्हा तू नव्हतीस.

*

वैशाखात तू आजारी पडलीस. डोळे पिवळे झाले, मग अंग, मग पोट फुगलं. दवाखाना झाला, पथ्य झालं, वळसंगहून माझ्या पुतण्यानं, बाबूनं, कसलासा पाला आणला तोही झाला. त्या पहिल्या दिवसांत तूच मला बजावलंस, "पोरीला कळवू नका. तिचं शेवटचं पेपर हायेत. हितं ऊन उतरलं की मी उठते." हे तू म्हणालीस. हे खरं आहे. लोकांना मी सांगतो तेवढं हे खरं आहे.

पण खरं तिथं संपत नाही.

एका दुपारी मी तुला चमच्यानं पाणी देत होतो. तू चमचा हातानं बाजूला केलास. माझ्याकडं बघून, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून म्हणालीस:

"अवो, आता कळवा तिला. म्हनावं, आई बोलावतीया, ये. तिला बघू द्या मला."

मी चमचा वाटीत ठेवला. म्हणालो, "थोडं पेपर राहिल्यात पोरीचं. पेपर संपेस्तोवर दम धर."

दम धर म्हणालो. गाडी चुकू नये म्हणून माणूस दुसऱ्याला म्हणतो तसं. मरणाऱ्या बाईला मी दम धर म्हणालो.

तू चिडली नाहीस. मी आयुष्यभर तुला चिडलेली बघितली आहे, मला ते चाललं असतं. तू फक्त "बरं" म्हणालीस आणि भिंतीकडं वळलीस. त्यानंतर तू मला काही मागितलं नाहीस. पाणीसुद्धा नाही. मीच आपला चमचा ओठाला लावायचो.

आता विचारशील, का नाही कळवलंत. गल्ली म्हणते पोरीच्या भल्यासाठी. खोटं आहे ते. पेपर हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला तिला ये म्हणायचं नव्हतं. स्टेशनावर बोलून बसलो होतो ना, हाक मारणार नाही म्हणून. मनात म्हणत होतो, आज तार केली, ती पळत आली, आणि तू उठून बसलीस, तर पोरगी म्हणेल, अण्णा हरले. असल्या गोष्टीचा विचार मी तुझ्या उशाशी बसून करत होतो. आणि दुसरं, तार केली असती तर तू जाणार हे मला मान्य करावं लागलं असतं. ती हिंमत नव्हती. हट्ट कुठला आणि भ्यालेपण कुठलं, मला अजून निवडून काढता येत नाही. दोन्ही माझंच.

*

तू गेलीस. सगळं झालं. आपल्याला मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला, डोकं भादरलं, मिशी काढली. स्मशानातनं आल्यावर बाबू म्हणाला, "काका, तायडीला तार करू या."

"खबरदार," मी म्हणालो. "परीक्षा हाय तिची."

जमलेली चार वडीलधारी माणसं होती. सगळ्यांनी माना हलवल्या. "बरुबर हाय. आता येऊन तरी काय तोंड बघायला मिळनार हाय तिला?" आपल्यात हे असंच. परीक्षेला बसलेल्या पोराला घरातलं मरण सांगत नाहीत, शहाणपण समजतात त्याला. आणि तेव्हा, सगळे माझ्या बाजूचे झालेत हे बघून, मी वर जोडलं, "तिचीबी हीच इच्छा हुती. मला म्हनाली, कळवू नका."

अर्धं तुझं वाक्य घेतलं आणि अर्धं गिळलं. अजून तुझी राख गरम होती.

त्या आठवड्यातच तिचा फोन यायचा होता, शेवटच्या पेपरांच्या आधी. दिवस ठरलेला. मी उस्मानभाईच्या दुकानात गेलो. त्याला सगळं आधीच माहीत होतं, तरी माझं भादरलेलं डोकं बघून तो उठून उभा राहिला. स्टूल पुसलं. म्हणाला, "काका, बच्चीकू सच बोल देव. उसकी अम्मी है. नक्को छुपाव."

मी म्हणालो, बघतो.

घंटी वाजली. आवाज लांबनं, विहिरीतनं आल्यासारखा.

"अण्णा? आई कुठाय?"

"देवळात गेलीया."

"आज? माझा फोन यायचा म्हणून माहीत असून?"

"नवस हुता तिचा. तुझ्या पेपराचा." कसं सुचतं बघ माणसाला. साच्यावर धागा तुटला की हात आपोआप गाठ मारतो, तसं तोंड चाललं होतं.

"बरी आहे ना ती? किती दिवसांत घरचं पत्र नाही."

"बरी हाय. आता काय दुखत न्हाय तिला."

तिकडं गप्प झालं. मला वाटलं लाईन तुटली. मी घाबरलो. "शालन? बोल बाळा. बोल की. आनखी बोल."

"बोलते," ती म्हणाली. मग पेपर कुठला कुठला आहे ते सांगितलं, तिकडं कसं ऊन पडतं ते सांगितलं. मी हां हां म्हणत होतो. शेवटी तीच म्हणाली, "अण्णा, ठेवू का? लोकांचा फोन आहे." मी म्हणालो, "असू दे, बोल." ती म्हणाली, "ठेवते." आणि ठेवला.

उस्मानभाई सगळा वेळ पाठ करून ताडपत्री कापत होता. नंतर बघितलं तर वाकडी कापली होती. चहा मागवला त्यानं. मला गेला नाही.

*

पेपर संपवून ती यायच्या दिवशी मी सगळी तयारी केली होती. काय तयारी, सांगायला लाज वाटते.

आपल्यात जवळच्याच्या मरणाची वार्ता कानावर आली की माणूस आहे त्या कपड्यांनिशी आधी डोक्यावरनं पाणी घेतो, मग बाकीचं. तर मी मल्लव्वाला सांगून ठेवलं, अंगणात पाण्याचा हंडा तापवून ठेव. माझा बेत असा, की स्टेशनावर काही बोलायचंच नाही. डोक्याला पटका गुंडाळला होता, पण मिशीचं काय करणार? उपरण्याचं टोक तोंडावर धरलं, दात दुखतोय असं सोंग करून. टांग्यातनं घरी यायचं, अंगणात तो हंडा बघून ती समजेल, मल्लव्वा तिच्या अंगावर पाणी ओतेल, बाया रडतील, आणि त्या गलक्यात मला तोंडानं काही सांगावं लागणार नाही. स्वतःच्या पोरीला आईचं मरण सांगायचं काम मी एका हंड्यावर सोपवलं होतं.

बाबूबरोबर मी फलाटावर उभा. गाडी लागली. ती उतरली. वाळली होती. एक ट्रंक, एक पिशवी. माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडावरच्या उपरण्याकडं बघत राहिली. मग हळूच हात घालून तिनंच ते खाली केलं. मिशी नाही हे बघितलं. मी सुरुवात केली, "शालन, तुझी आई..."

"अण्णा," ती म्हणाली, "माझी आंघोळ झालीय. तिथंच झाली."

फलाटावर हमाल ओरडत होते. बाबू रडायला लागला. मी ट्रंक उचलायला वाकलो आणि मला ती उचलेना.

टांग्यात मी विचारलं, "कुनी कळवलं?" मला वाटलं बाबूनं चोरून तार केली असणार.

"तुम्हीच," ती म्हणाली. "तुम्ही मला बाळा म्हणालात. आणखी बोल म्हणालात. जन्मात कधी म्हणालात का? ठेव म्हणता तुम्ही. फोनवर ते ऐकलं आणि मला कळलं, आई नाही."

"मग पेपर?"

"दिले. तुम्ही पेपरांसाठी लपवलंत ना? मी पेपर सोडून आले असते तर तुमचं लपवणंही फुकट गेलं असतं."

ती हे टोचून बोलली नाही. तेच वाईट.

अंगणात हंडा उकळत होता. मल्लव्वा तांब्या घेऊन पुढं आली, तिला मी हातानंच थांबवलं. बाया रडल्या, पोरगीही रडली. सगळ्या आत गेल्यावर त्या हंड्यातलं पाणी मीच काढून डोक्यावर घेतलं, धोतरानिशी. तू गेलीस ही वार्ता तर मलाच आता कळली होती.

*

हळूहळू तिनं सांगितलं. मी विचारत नव्हतो, शेंगा सोलता सोलता आपणहून सांगायची.

ती एका म्हातारीच्या घरी भाड्यानं राहायची. म्हातारी विधवा. तिकडं विधवा बायका काळं नेसतात, जन्मभर. फोन ठेवून शालन खोलीवर आली आणि कपड्यांनिशी न्हाणीत जाऊन डोक्यावरनं पाणी घेतलं. एकटीनं. निथळत बाहेर आली तर दारात म्हातारी उभी. पोरीला वेड लागलं का काय वाटलं तिला. तिनं विचारलं.

"मग मी सांगितलं," शालन म्हणाली. "तिच्या भाषेत. आई गेली म्हणून. मराठीत मी तोवर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. तिनं मला टॉवेलनं पुसलं. आपली मिलची चादर माझ्या अंगावर घातली. त्या दिवशी मी चूल पेटवायची नाही हे तिला कसं ठाऊक असणार? पण तिनंच पाव आणला आणि गरम सूप. मी खाईस्तोवर उठली नाही. संध्याकाळी गल्लीतल्या बाया येऊन बसल्या. आईचं नाव विचारलं, ती काय करायची विचारलं. मी चटणीचं सांगितलं. आपल्यासारख्याच बसतात त्या, अण्णा. मधी मधी सुस्कारे टाकत."

निघताना ती चादर तिनं म्हातारीला देऊन टाकली. माझ्या मिलची चादर स्पेनात एका रांडाव बाईच्या अंगावर आहे.

मी शेंगा सोलत राहिलो. त्या भाषेत तुला भाकरी कोण देणार, म्हणालो होतो. तू असतीस तर माझ्याकडं बघितलं असतंस. नुसतं बघितलं असतंस.

*

आता कालचं.

येणारी प्रत्येक बाई पोरीला सांगते, तुझ्या आईचीच इच्छा होती, कळवू नका म्हणाली. परवा सकाळी शालननं मला सरळ विचारलं, "अण्णा, खरंच आई असं म्हणाली होती?"

मी "व्हय" म्हणालो.

तिचा चेहरा सैल झाला. "मग ठीक आहे," म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा ती दोन भाकरी जेवली. मला वाटलं, सुटलो. असू दे की हे असंच. तिला बरं वाटतंय, तू देवी ठरतेस, मीही माणसात बसतो. कुणाचं काय बिघडतं?

काल दुपारनंतर तिनं उखळ धुतलं, शेंगा भाजल्या, आणि तुझ्यासारखी चटणी कुटायला बसली. हात बसलेला नव्हता, मुसळ वाकडं पडत होतं. मी जवळच बसलो होतो. ती कुटत कुटत म्हणाली, "आईनं जाताना मला अडवलं नाही, आणि शेवटीही अडवलं नाही. स्वतःसाठी काही मागितलंच नाही तिनं."

तू मागितलं होतंस. आयुष्यात एकदाच, धड शब्दांत, माझ्याकडं मागितलं होतंस. तू काही देवी नव्हतीस, तुला तुझी पोरगी हवी होती. आणि मी तुझं ते मागणं नुसतं टाळलं नाही, ते झालंच नाही असं करून टाकलं. उद्या मी मेलो की तू ते म्हणाली होतीस हे जगात कुणालाच ठाऊक राहणार नव्हतं.

"शालन," मी म्हणालो, "मागितलं हुतं तिनं. तुला बोलावलं हुतं. मी कळवलं न्हाय."

मुसळ थांबलं.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.

"तुमचे शब्द नकोत. तिचे सांगा."

मी तुझे शब्द सांगितले. अवो, आता कळवा तिला. म्हनावं, आई बोलावतीया, ये. तिला बघू द्या मला. एकही बदलला नाही. तेवढा एक प्रामाणिकपणा केला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी तेही सांगितलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला तुझे डोळे आहेत हे मला माहीत होतं, पण तुझं बघणंही तिच्यात उतरलंय हे काल कळलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं होतं.

"उठा इथून," ती म्हणाली.

मी उठलो आणि ह्या उंबऱ्यात येऊन बसलो, तिच्याकडं न बघता. ऊन कलत होतं, मल्लव्वाच्या कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या होत्या.

मग ती बोलायला लागली. उखळापाशी, तू बसायचीस त्या दगडाकडं तोंड करून. त्या भाषेत. आधी हळू, अडखळत, मग मोकळं. भांडत असल्यासारखं काही, मग काही सांगत असल्यासारखं. मधीच हसलीसुद्धा. एकदा रडायला लागली आणि रडता रडता बोलतच राहिली. तिची म्हातारी, तो पाव, त्या बाया, ते सगळं सांगत असेल. माझ्याबद्दलही काही असेल. असू दे. मला एक अक्षर कळलं नाही. नळावर आलेल्या बाया कळशा खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. त्यातली एक मला विचारायला लागली, "अण्णा, पोरगी काय बोलतीया?" मी ओठावर बोट ठेवलं.

कुटलेली चटणी रात्री तिनं माझ्या ताटात वाढली. बोलली नाही. तिखट लई झाली होती. मी खाल्ली. उठल्यावर ती माझ्याशी बोलेल का नाही, मला ठाऊक नाही. नाही बोलली तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि तुझ्याकडं माफी मागायला हे लिहिलं असंही नाही. तू "बरं" म्हणशील, आणि तुझं बरं मी एकदा ऐकलंय.

एवढंच सांगायचं होतं, की तुला ती भाषा ऐकायची होती. काल संध्याकाळी ती दिवे लागेस्तोवर बोलली. तू ऐकलंस का मला माहीत नाही. मी मधी बोललो नाही.